साफ जागा

पिंगळीच्या स्टेशनात गाडी दोनच मिनिटं थांबायची. तेवढ्यात बा, माय, मी आणि एक हलकं गाठोडं डब्यात शिरलो. पोचवायला आलेल्या आत्यानं खिडकीतून विचारलं, "सामान कुठाय रं दादा?"

"साफ झालं," बा म्हणाला.

आत्याच्या लेकरांनो, आणि आमच्या मागून गाव सोडलेल्यांनो, त्या शब्दापाशी मी अजून अडते. म्हणून हे लिहितेय.

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा आमच्या वस्तीतली नऊच्या नऊ घरं एका दुपारी जळाली. आम्ही ज्वारीत लपून वाचलो. चौथ्या दिवशी माय काही उरलंय का बघायला गेली, मी तिच्यासोबत. भर उन्हाची वेळ. जळकी लाकडं, फुटकी मडकी दिसतील असं वाटलं होतं. तिथं काहीच नव्हतं. चुलीचा दगड नाही, राखेचा कण नाही. शेणसडा घातलेली ओली जमीन आणि खराट्याच्या सरळ रेघा. झाडणाऱ्याचं एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

मायनं जन्मभर गावची चावडी झाडलेली. खराट्यामागचा हात तिला ओळखू यायचा. ती वाकून बघत राहिली.

"लय जनींचे हात हायत," ती हळूच म्हणाली. "वळखीचे."

जवळच्या आडावर एका शेतकऱ्याची बायको पाणी शेंदत होती. आम्ही तिला काकू म्हणायचो. मायनं विचारलं, "काकू, आमची घरं?"

"हितं कवा घर व्हतं? जागा साफ हाय की."

रागानं नाही. किती वाजले विचारल्यावर सांगावं, तसं. क्षणभर मला वाटलं, आपणच चुकून दुसऱ्या गावात आलोय.

पुण्यात मी नर्स झाले. वॉर्डात डेटॉलचा वास आणि दिवसभर "साफ करा, साफ ठेवा". एकदा शब्दकोश उघडला. साफ : अरबीतून आलेला. स्वच्छ, उघड, आणि पुरता, जसं साफ बुडाला, साफ विसरला. निजामाच्या राज्यात तो आमच्या तोंडी बसला असणार. काकूंनी त्यातला कुठला अर्थ वापरला, मला ठरवता आलं नाही.

विद्यापीठाचं नाव बदललं त्या वर्षी मी गावात गेले. सकाळचे दहा वाजले असतील. आजूबाजूला गवत माजलेलं, पण त्या तुकड्यावर काडी नव्हती. थकलेल्या काकू एकट्याच तिथं झाडत होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही.

"हितं कोन ऱ्हातं, काकू?"

"कोन न्हाई गं."

"मग झाडता कशाला?"

"काय करू? रोज राख वर येती. आदी समद्या बाया यायच्या. आता मीच झाडायलेय."

मी खाली पाहिलं. राख होती. बोटानं उचलली, तर कोमट लागली. उन्हानं असेल.

"मी गयाबाईची लेक," मी म्हणाले.

खराटा थांबला. काकू म्हणाल्या, "तिसरं घर. दार उगवतीला व्हतं."

पुण्याला परतल्यावर मी हे सगळं मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हंजी घर हाय आजून," ती म्हणाली.