पट्टीवरची दुसरी रेघ

"पोरीचं रक्तच पातळ. आईवर गेलंय. त्यात माझ्या घराचा काय दोष?" उन्हात ओमेना मासळी पसरता पसरता सासूबाई म्हणाल्या.

माझी धाकटी जाऊ जेरोतिच हटेना. ती डोंगराकडची; लग्न होऊन सरोवराकाठी आल्यापासून हिवतापाने सारखी अंथरूण धरायची. आता तिची चार वर्षांची लेक अदेरोही. आम्हा लुओ लोकांत पोरं जरा मोठी झाली की रात्री आजीच्या घरात झोपतात, गोष्टी ऐकतात. अदेरो तिथे झोपू लागली आणि आता तिसऱ्यांदा तापली होती. जेरोतिचचं म्हणणं एवढंच, की पोरीला माझ्यापाशी झोपू द्या.

"डोंगरावरचं कोकरू, वारा लागला की आडवं," मी म्हटलं. सासूबाई हसल्या, मीही हसले.

सासूबाईंचा हाच तोरा होता. लहानपणानंतर हिवताप कधी शिवला नाही. वाटपात मिळालेली मच्छरदाणी पेटीत घडी न मोडता पडलेली. ती परक्यांसाठी आणि तान्ह्यांसाठी, म्हणायच्या.

दुपारी अदेरोला बघायला आरोग्यसेविका रोझबेला आली. तिने घरातल्या सगळ्यांचंच रक्त तपासायला घेतलं. आपलं रक्त कसं चोख ते धाकट्या सुनेला दाखवायला सासूबाईंनी आपलं बोट आधी पुढे केलं. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. म्हणजे हिवताप. त्यांनी दुसरं बोट दिलं. पुन्हा दोन.

"पण मला ताप कुठे आहे?"

"तेच तर, आजी," रोझबेला हळू म्हणाली. "वर्षानुवर्षं अंगात शिरत राहिले की हे जंतू अंगातल्या पहारेकऱ्यांनाच गप्प बसवतात. त्यांनी ओरडा केला नाही तर ताप कुठून येणार? तुम्ही धडधाकट दिसता, आणि तुमचं रक्त प्यायलेला डास आठ-दहा दिवसांनी शेजारी झोपलेल्या पोरीला चावतो."

माझ्याही पट्टीवर दोन रेघा होत्या. ती मी मुठीत दाबून धरली. जेरोतिचने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. ती पोरीच्या कपाळावरची ओली चिंधी बदलत राहिली.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले, तरी सासूबाईंनी घास उचलला नाही. दिवसा गोष्ट सांगितली तर पोरं खुजी राहतात, असं आयुष्यभर बजावत आलेली ही बाई. ताटाकडे बघतच म्हणाल्या, "पेटीतली मच्छरदाणी काढा, माझ्या खाटेवर बांधा. गोळ्या मी सुरू केल्यात. अदेरो आजपासून आईपाशी झोपेल. गोष्टी मी दुपारी सांगेन."