चिखलातली हरणी आणि भुऱ्याचं लोढणं

दिवाळी झाली तरी पाऊस जायचं नाव घेईना. घरच्यांनी वेड्यात काढलं, पण मी रेहेकुरीच्या माळावर लांडगा बघायला निघालेच. "लांडगे बघायला एवढ्या लांब कशाला? माझ्या ऑफिसात ये," हा नवऱ्याचा सल्ला.

नगरहून (पाटीवर आता अहिल्यानगर) कर्जतची एसटी धरली. वाटेत मिरजगावला पिठलं-भाकरी खाल्ली. ठेचा मागून घ्या, फुकट मिळतो आणि जालीम असतो. स्वतःची गाडी नेणार असाल तर पावसानंतर डांबर सोडू नका. इथली काळी माती चाकाला एकदा धरली की सोडत नाही. मी कर्जतच्या लॉजवर पिशवी टाकली आणि रिक्षाने माळ गाठला.

माळाच्या कडेला सखूबाई आणि म्हाळूबा या धनगर जोडप्याचा मेंढरांचा तळ असतो. त्यांची ओळख गेल्या उन्हाळ्यातली. तेव्हा इथेच दोन लांडगे एका काळविटामागे लागलेले पाहिले होते. कडक जमिनीवर काळवीट असं सुटलं, की लांडगे बघतच राहिले. मी मोठ्याने हसले होते.

या खेपेला सखूबाई चहाआधीच शेताकडे घेऊन गेल्या. चिखलात एक हरणी मरून पडली होती. चारही खुरांना मातीचे लगदे. पळणं हेच जिचं हत्यार, तिला पळताच आलं नव्हतं. पोटाकडे बघवेना.

"लांडगा?" मी विचारलं.

"कशाचा लांडगा? आमच्या भुऱ्याचं काम हाय," सखूबाई म्हणाल्या. "सकाळी त्वांड रगतानं भरलं हुतं. कोरड्यात ह्येला हरणाची सावली गावत न्हाई. चिखलात आयतं गावलं."

भुऱ्या त्यांचा राखणीचा कुत्रा. तो माझे हात चाटायला आला तर मी मागे सरले. तो बिचारा गोंधळला.

तळावर परतल्यावर सखूबाईंनी त्याच्या गळ्यात लोढणं बांधलं. ओढाळ गुराच्या गळ्यात अडकवतात तो लाकडाचा ओंडका. चालताना फारसा त्रास नाही, पळायला गेलं की पुढच्या पायांत येतो.

"आन् लांडगा आला मंजी?" म्हाळूबा चिडले.

"जमीन वाळंस्तवर ऱ्हाऊ द्या. फसल्याल्या मुक्या जिवाला मारायचं, ही कसली राखन?"

भुऱ्याने ओंडका हुंगला आणि त्यांच्याच पायाशी बसला. मला सखूबाईंचं पटलं. तसं मी म्हणालेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ ऊन पडलं. मी खुशीत पोचले, तर तळावर चूलही पेटली नव्हती. पहाटे लांडग्यांची जोडी आली होती. पावसाळी दिवसांत हरणं गावची कुत्रीच फाडतात, मग लांडगे मेंढरांकडे वळतात, असं म्हाळूबा म्हणाले. भुऱ्या भुंकत धावून गेला. ओंडका पायांत आला, तो कोलमडला, आणि उठायच्या आत लांडग्यांनी त्याचं नरडं धरलं. एक कोकरूही गेलं.

सखूबाई मेलेल्या भुऱ्याजवळ बसून लोढण्याच्या दोरीची गाठ सोडवत होत्या. दवाने भिजून ती आवळली होती. म्हाळूबांनी विळा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. शेवटी दातांनी सोडवली. म्हाळूबांनी एका शब्दानेही दोष दिला नाही, बाभळीखाली खड्डा खणायला लागले. ते भांडले असते तर बरं झालं असतं. मला रडू आवरेना.

आता घरी आहे. लांडग्याचा एकही फोटो नाही. तुम्हाला जायचं असेल तर जमीन वाळल्यावर, थंडीत जा. हरणं पळताना बघायला मिळतील. मला मात्र हरणीचं वाईट वाटलं की भुऱ्याशी बेइमानी केल्यासारखं होतं, आणि भुऱ्यासाठी रडले की ती हरणी डोळ्यांपुढे येते.

परवा सखूबाईंना फोन केला. नवं पिल्लू आणलंय. विचारू नये ते विचारलंच, "पुढच्या पावसात त्यालाही लोढणं बांधाल?"

पलीकडे त्यांनी मेंढरांना हाळी दिली.

"बांधीन," त्या म्हणाल्या. "पर मग रातीला त्येच्यासंगं मी जागी ऱ्हाईन."