एकवीस नावं, वीस सुया

सुलभाताई गेल्या, हे मला त्यांच्या सुनेच्या फोनवरून कळलं. शाळेत परिपाठ नुकताच संपला होता. "मॅडम, आत्या झोपेतच गेल्या," एवढंच ती म्हणाली. मी वर्गात जाऊन हजेरी घेतली, फळ्यावर तारीख लिहिली आणि मग पुढे काय शिकवायचं तेच आठवेना... आता दीड महिना होत आला.

वडवणीजवळच्या आमच्या गावात ताई उपकेंद्राच्या नर्स होत्या. मी शाळेत नवीन रुजू झाले त्या वर्षीची गोष्ट. पाचवीच्या मुलांना धनुर्वात-घटसर्पाची लस द्यायची होती. ताईंनी सुई टोचायची आणि मी यादीत खूण करायची, असं ठरलं होतं. रडारड, गोंधळ, त्यात मधल्या सुट्टीची घाई. मी शेवटी सगळ्या नावांपुढे सरळ खाली खुणा ओढत गेले. संध्याकाळी ताई वापरलेल्या सुया मोजून शाळेत परत आल्या. "मॅडम, सुया वीस गेल्यात. खुणा एकवीस हायत."

गैरहजर होती ती मंगल, मेंढपाळ बिरूभाऊंची मुलगी. कुटुंब मेंढरं घेऊन मांजरसुंब्याकडे गेलं होतं. मी म्हणाले, "ती परत आली की देऊ. तोवर राहू द्या ना खूण." ताई रागावल्या नाहीत. माझ्या शेजारच्या बाकावर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "उद्या ही पोर घसा सुजून दवाखान्यात गेली, तर डॉक्टर हीच यादी बघतील. म्हणतील, लस दिलेली हाय, घटसर्प नसंल. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका लेकराचा श्वास असा कोंडताना मी पाहिलाय, मॅडम." मी खूण खोडली आणि शेजारी सही केली.

दोन दिवसांनी लसीचा डबा मांडीवर घेऊन ताई एसटीत बसल्या, शेजारी मी. मांजरसुंब्याच्या अलीकडे उतरून विचारत विचारत आम्ही रानातल्या तळावर पोचलो. बिरूभाऊंनी पाणी दिलं, पण लसीचं नाव काढताच मान हलवली. "न्हाई, ताई. मागं हिच्या भावाला सुई दिली तर दोन रोज तापानं फणफणला. आमाला तळ हालवता येईना. मेंढरं उपाशी राहिली."

मला वाटलं, आता ताई समजावून सांगतील, आजाराची भीती घालतील. त्या तिथंच मातीत मांडी घालून बसल्या. "ताप येईल बी. दंड दुखंल. येणारच न्हाई असं मी म्हणत न्हाई. उद्या मी परत येते. पोर तापली असली तर मी तिच्यापाशी बसते, तुमी मेंढरं घेऊन जा." बिरूभाऊंनी हाक मारली, "मंगे, ये हिकडं."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ताईंच्या घरी भाचीला बघायला पाहुणे येणार होते. तरी त्या गेल्या. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "थोडा ताप होता, उतरला. दुपारपर्यंत बसले. घाला आता खूण." त्यानंतर बिरूभाऊ गावी परतले की आधी उपकेंद्रावर यायचे आणि तळावरच्या इतर घरांतली लेकरंही सोबत आणायचे. मंगलचं लग्न झालं, तेव्हा ताईंना नेण्यासाठी ते स्वतः आले होते.

लस दिल्यावर मुलांना अर्धा तास थांबवून ठेवावं लागतं. ताई त्या अर्ध्या तासात कधी कागद घेऊन बसल्या नाहीत. मुलांमध्ये सतरंजीवर बसायच्या आणि कुणाच्या घरी म्हैस व्याली, कुणाला दात आला, सगळं ऐकून घ्यायच्या. निवृत्त झाल्यावरही लसीकरणाच्या दिवशी त्या शाळेत येत, फक्त तेवढ्यासाठी.

मागच्या आठवड्यात पुन्हा लसीकरण झालं. नव्या सिस्टर कामाच्या आहेत, पण त्यांना लगेच पुढच्या शाळेत जायचं होतं. मुलांपाशी थांबायला त्यांनी गावच्या आशा कार्यकर्तीला सांगितलं. मी नावं चेहऱ्याशी पडताळून खुणा केल्या आणि ऑफिसकडे निघाले, तर पाचवीतली एक मुलगी दंड चोळत म्हणाली, "मॅडम, त्या म्हाताऱ्या बाई कावून आल्या न्हाईत?"

"त्या आता येणार नाहीत, बाळा."

तिनं सतरंजीकडे बोट केलं. "मंग तुमी बसताव का?"

मी चप्पल काढली आणि सतरंजीवर बसले. तिनं सरकून जागा दिली आणि सांगायला लागली, त्यांच्या शेळीला काल दोन करडं झाली...