आंबोलीत गाडी थांबवली तेव्हा

माझ्या सासऱ्यांना शेवटच्या सकाळी आपल्या लेकीशी दोन शब्द बोलायचे होते, आणि ते मी होऊ दिलं नाही. मी हे मुद्दाम केलं नव्हतं. पण हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की आता त्याचा मलाही आधार वाटत नाही.

सासरे वेंगुर्ल्याच्या पलीकडच्या एका लहानशा मच्छीमार गावात राहायचे. रस्ता त्या गावातच संपतो, पुढं नुसती वाळू आणि होड्या. ते स्वतः मासे धरत नसत, त्यांचा बर्फाचा धंदा होता. बाहेरून लाद्या यायच्या, मशीनमध्ये फुटायच्या आणि टोपल्यांतून होड्यांवर जायच्या. सासूबाई आधीच गेल्या होत्या. घरात सासरे, माझा मेव्हणा आणि त्याचं कुटुंब.

त्या रविवारी सकाळी बायको बेळगावच्या आमच्या घरामागं कपडे वाळत घालत होती. गणपती होऊन थोडेच दिवस झाले होते. मेव्हण्याचा फोन माझ्या मोबाईलवर आला.

"भावोजी, बाबांका बरा नाय. सिरीयस आसत. तिची याद काढतत. तिका घेवन बेगीन येवा."

त्यानं सांगितलं ते शब्दन् शब्द खरं होतं. मी त्यातलं काहीच खरं धरलं नाही.

आमच्याकडं मरणाची बातमी फोनवर कुणी सरळ सांगत नाही. लांबच्या माणसाला, त्यातून लेकीला तर नाहीच. 'जरा बरं नाही, येऊन जा' एवढंच सांगायचं आणि दारात आल्यावर काय ते कळू द्यायचं. माझे वडील, आप्पा, गेले तेव्हा निपाणीहून थोरल्या भावाचा असाच फोन आला होता. आप्पा पडल्यात, येऊन जा. मी हायवेवर गाडी अशी हाणली की संकेश्वरच्या पुढं एका ट्रकखाली जाता जाता वाचलो. घरासमोर चपलांचा ढीग बघितला आणि काय ते कळलं. म्हणून या वेळी मी आधी त्याच भावाला फोन लावला.

"सिरीयस म्हटला?" अण्णानं विचारलं.

"व्हय."

"याद काढतात म्हटला?"

"व्हय."

"मग झालंय रं. आता गडबड करून काय उपेग न्हाय. दमानं जा. आणि तिला वाटंत काय सांगू नको, लई तरास हुईल."

दोष मी अण्णाला देत नाही. एक फोन मेव्हण्याला उलटा लावला असता तर सगळं स्पष्ट झालं असतं. तो लावायचं मला सुचलंच नाही असं नाही. सुचलं होतं. पण खात्री करून घेणं म्हणजे त्याला तोंडानं बोलायला लावणं, आणि ते बरं दिसत नाही, असं वाटलं. आणखी एक गोष्ट कबूल करतो. घरात बर्फाचा धंदा आहे, म्हणजे मयत संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबवता येईल, हा हिशेबही माझ्या मनात येऊन गेला.

मी मागच्या दारात जाऊन म्हणालो, "चल, आज तुझ्या माहेरी जाऊन येऊ."

तिच्या हातात ओली चादर होती. "आज? असं अचानक? मासे खायचे असले की बरोबर आठवतं हो तुम्हाला माझं माहेर!"

ती साडी बदलत होती तेव्हा मी तिचा मोबाईल बंद केला. गावातल्या कुणीतरी फोन करून बोलून टाकलं तर, ही भीती होती. चार्जिंग संपलंय, असं सांगून तो गाडीच्या ड्रॉवरमध्ये टाकला. माझा फ्लाईट मोडवर ठेवला. बाबांसाठी कुंदा घ्यायचाच म्हणून तिनं गाडी थांबवायला लावली. मी मिठाईच्या दुकानात शिरलो आणि मेलेल्या माणसासाठी अर्धा किलो कुंदा बांधून घेतला. तसं मी मनात म्हटलंही होतं, मेलेल्या माणसासाठी.

हिंडलगा गेलं, शिनोळी गेली. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं, बांधावर पिवळी फुलं, लांबवर डोंगर निळे पडलेले. इतकी सुंदर वाट मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतर बघवली नाही. तिनं काच खाली केली होती. लहानपणीचं सांगत होती. शाळेत जाताना बाबा रुमालात बर्फाचा चुरा बांधून द्यायचे, तो वर्गात पोचेपर्यंत वितळायचा आणि वही भिजायची. त्या मशीनचा खडखडाट तिनं तोंडानं काढून दाखवला आणि स्वतःच हसत सुटली.

"लई चांगला माणूस होता," मी म्हणालो.

तिनं वळून बघितलं. "होता?"

मी घाईनं सावरून घेतलं. "म्हणजे, तुझ्या लहानपणी गं. आता म्हातारपणी चिडचिडे झालेत न्हवं?"

"तुमच्यापेक्षा कमीच!" असं म्हणून ती पुन्हा बाहेर बघू लागली.

आंबोलीला पोचलो तेव्हा धुकं रस्त्यावर उतरलं होतं. समोरून येणाऱ्या गाड्यांचे नुसते दिवे दिसत होते आणि दरीच्या बाजूला काहीच नव्हतं, पांढरं सोडून. मी गाडी बाजूला घेतली. पुढं गेल्यावर तिच्या पोटात दोन दिवस अन्न जाणार नाही, तेव्हा इथंच तिला काहीतरी खायला घालावं, असा माझा विचार होता. कांदाभजी घेतली, चहा घेतला. तिनं आणखी एक प्लेट मागितली. मला बरं वाटलं. धबधब्यापाशी माणसं फोटो काढत होती, माकडं कणसं ओढून नेत होती, पोरं किंचाळत होती.

"तुमचा फोन द्या ना," ती म्हणाली. "बाबांना सांगते, येतोय म्हणून. ते वाटेकडे बघत बसतील."

"नको, अचानक जाऊया. मजा येईल."

"एक मिनिट बोलते हो."

"इथं रेंज न्हाय."

शेजारच्या टपरीवर एक माणूस मोबाईलवर मोठमोठ्यानं बोलत होता. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. चहाचा कप तिनं अर्धाच ठेवला.

घाट उतरलो. सावंतवाडी मागं टाकली तसं धुकं सरलं आणि ऊन आलं, नारळी सुरू झाल्या. एरवी इथून पुढं तिला किती सांगू नि काय सांगू असं होतं. त्या दिवशी ती हात मांडीवर ठेवून गप्प बसली होती. मला वाटलं, थकली असेल. गावाच्या तोंडाशी जाळी विणत बसलेला एक म्हातारा तिच्या ओळखीचा होता. तिनं खिडकीतून हात हलवला. त्यानं बघितलं आणि मान खाली घातली.

"हे माझ्याकडे बघून हसले का नाहीत?" ती म्हणाली.

मी गिअर बदलला. शेवटच्या वळणावर तिनं माझा दंड धरला. "अहो, मशीनचा आवाज येत नाही."

अंगणात माणसं होती. ती चालत्या गाडीतूनच उतरली.

मी गाडी लावून आत गेलो तेव्हा मेव्हणा तिला धरून उभा होता आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आत्ताच गो, आत्ताच. तासभर नाय झालो. सकाळपासून तुझाच नाव घेय होते. तुका किती फोन केलंय, एकय लागाक नाय."

आंबोलीत भजीच्या दोन प्लेटांत आणि चहात आम्ही तासाहून जास्त वेळ घालवला होता. न थांबता आलो असतो तर तिला ते भेटले असते. फोन चालू असता तर आवाज तरी ऐकला असता. सासऱ्यांच्या पायांना हात लावला तर ते अजून गार झाले नव्हते. ती ऊब माझ्या तळहाताला लागली, आणि मी तिथंच सगळं सांगून टाकायला हवं होतं.

त्याऐवजी रात्री तिनं विचारलं, दादानं तुम्हाला नक्की काय सांगितलं होतं, तेव्हा मी म्हणालो, "जरा बरं नाही, एवढंच."

त्या एका उत्तरानं तिचा राग भावाकडं वळला. सिरीयस म्हणून का नाही सांगितलंस, असं तिनं त्याला बाराव्याला सगळ्यांसमोर विचारलं. मेव्हण्यानं माझ्याकडं बघितलं. मी शर्टाचं बटण चाचपत खाली बघत होतो. घरच्या जावयाला चारचौघांत खोटं पाडायचं नाही म्हणून तो गप्प राहिला. "चुकला माझा," एवढंच म्हणाला. माझी चूक त्यानं आपल्या डोक्यावर घेतली आणि मी ती घेऊ दिली.

त्यानंतर माहेरी जाणं जवळजवळ थांबलं. राखी पोस्टानं जायची. ती भावाशी फोनवर बोलायची ते एखाद्या ऑफिसात चौकशी करावी तसं. मी ऐकत बसायचो आणि टीव्हीचा आवाज वाढवायचो.

या वर्षी मेव्हण्याच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका घेऊन तो स्वतः बेळगावला आला, आमच्या हॉलमध्ये बसला. केस पार पांढरे झालेले. बायकोनं पाणी दिलं, पत्रिका घेतली, न उघडता टीपॉयवर ठेवली.

"आत्या म्हणान तुका पुढे रवाक होया," तो म्हणाला.

"बघू. यांना रजा मिळाली तर."

तो पिशवी उचलून उठायला लागला. एकदा दाराबाहेर गेला की ही दोघं भावंडं पुन्हा अशी समोरासमोर बसणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसलं. मी त्याला खाली बसवलं. मग सगळं सांगितलं. त्याचा सकाळचा फोन, अण्णाशी झालेलं बोलणं, बंद केलेला मोबाईल, आंबोलीतली रेंज, बर्फाचा हिशेबसुद्धा. बायको उभीच होती. मध्ये एकदाच तिनं विचारलं, "याद काढतात, असं सांगितलं होतं दादानं?" मी हो म्हणालो. तिनं भिंतीला हात टेकला. मेव्हणा म्हणाला, "जावंदे भावोजी," पण मी थांबलो नाही.

त्याच्याकडं वळून मी हात जोडले. "तुम्ही खरं सांगितलं होतं. खोटा मी ठरायला हवा होतो आणि तुम्हाला ठरू दिलं. मला माफ करा." मग तिच्याकडं बघितलं. तिच्याशी बोलायला मात्र मला जड गेलं. "तुझ्या बाबांना तुझ्याशी बोलायचं होतं आणि तू जिवंत माणसाकडं निघाली होतीस. मी तुला मयताला नेत होतो. ते मला तुला परत देता येणार नाही. चूक माझी होती, आणि त्यानंतर गप्प बसलो ती त्याहून मोठी. मला माफ कर."