अण्णांचा एक्स-रे

माझी नणंद अक्षदा फोटो साफ करायची. लग्नाचे नव्हे, छातीचे. स्वस्तातल्या छोट्या मशीनवर एक्स-रे कणीदार, डागाळलेला येतो. तो कॉम्प्युटरने स्वच्छ करायचा, म्हणजे गरिबाचंही दुखणं वेळेत कळेल, ह्या संशोधनात तिची नऊ वर्षं गेली. लालबागच्या आमच्या पोटमाळ्यावर बसून तिने पीएचडी केली. पाहुणे विचारत, मग स्टुडिओ कधी काढतेस? ती हसायची.

गेल्या वर्षी तिच्या संस्थेने आमच्या चाळीत शिबिर घेतलं. दोनशेवर माणसं आली, बहुतेक जुने गिरणी कामगार. मूळ फोटो आणि साफ केलेला, दोन्ही डॉक्टरांनी बघायचे असा नियम होता. माझे सासरे अण्णा सगळ्यांत शेवटी उभे राहिले. त्यांचा साफ फोटो अगदी निर्मळ आला. डॉक्टर निघण्याच्या घाईत होते. मीच म्हटलं, "घरचंच माणूस आहे, चांगलं दिसतंय, कशाला थांबवतेस त्यांना?" अक्षदाने माझं ऐकलं; अण्णांचे फोटो डॉक्टरांनी पाहिलेच नाहीत, यादीत नावही चढलं नाही. मी देवापुढे साखर ठेवली.

पाच महिन्यांनी अण्णांच्या खोकल्यातून रक्त पडलं. हॉस्पिटलात कॅन्सर निघाला. घरी येऊन अक्षदाने मूळ फोटो उघडला. उजवीकडे हरभऱ्याएवढा डाग होता. मशीनचा दोष समजून तिच्या प्रोग्रामने तो पुसला होता.

मग तिने सगळेच मूळ फोटो दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले. आणखी तिघांचे डाग असेच पुसले गेले होते. शिबिरातल्या डॉक्टरांनी साफ फोटोवरच भरवसा ठेवला होता.

संस्थेतल्या तिच्या सरांचं म्हणणं, तिघांना गुपचूप बोलावून घे, अण्णा तर यादीतही नाहीत. संस्थेला चूक लेखी कळवलीस तर काम बंद पडेल. पण तोच प्रोग्राम पुढच्या महिन्यात दहा शिबिरांत जाणार होता.

ती अण्णांच्या खाटेपाशी बसली आणि सगळं सांगितलं.  अण्णा म्हणाले, "पुसलंस ता चुकान, बाय. आता लपवलंस तर ता जाणून. माझो फोटो दी त्यांका."

तिने अण्णांच्या फोटोसकट सगळं संस्थेला लेखी दिलं. शिबिरं थांबली, तिची नोकरीही संपली. अण्णा महिन्याभरात गेले.

तिघांपैकी दोघांना औषधं सुरू झाली. तिसऱ्या होत्या मागच्या चाळीतल्या बकुळामावशी. आम्ही दोघी सांगायला गेलो तेव्हा त्यांना जाऊन चार दिवस झाले होते. त्यांच्या लेकीने, शांताने, कपाटातून शिबिरात मिळालेला फोटो काढून दाखवला.

"ह्यात तर काहीच नव्हतं हो, ताई."

अक्षदा उंबऱ्यावरच बसली, आणि तो फोटो कसा साफ झाला ते पहिल्यापासून सांगू लागली.