नानांनी धुतलेला डोळा

संध्याकाळी पंपवाल्या नानांच्या पाच हातांच्या आत कोणी उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नाही. ते कोणाला उभं राहूच देत नसत. टोकावड्याच्या आसपासच्या गावांची भाजी फवारणारा हा माणूस काम संपलं की, पोलिसांनी धरल्यासारखे हात वर करून, थेट घरामागच्या दगडावर अंघोळीला जायचा. ती अंघोळ किती वेळ चाले? मी एकदा एसटीने मुरबाडला जाऊन, दाढी करून परत आलो, तेव्हा त्यांचा दुसरा कान चालू होता. आता माझा दम कमी झालाय, म्हणून थोडंच वाढवून सांगतो.

“आधी अंग धुवायचं, मंग कापडं, मंगच घरात पाऊल,” असं ते म्हणत. फवारणीची कापडं वेगळ्या दोरीवर, वेगळ्या बादलीत. बायकोच्या लुगड्याशेजारी त्यांचा सदरा उभ्या जन्मात वाळला नाही.

औषधाचा रिकामा डबा दिसला की पहार घेऊन त्याला भोकं पाडायची, हे दुसरं वेड. आमच्या शेजारच्या जनाकाकूने एकदा कपाळावर हात मारला. “मेल्या, चांगला झाकणाचा डबा फोडलास रे! शेतावर पाणी न्यायला झाला असता.”

“म्हणून तर फोडला, काकू. तुमी गेल्यावर माझ्याशी भांडायला गावात कोण ऱ्हाईल?”

वाऱ्याचं तर विचारू नका. मूठभर भाताचं तूस हवेत उडवून ते वारा बघत. लग्नाच्या मुहूर्तालाही भटजी एवढा वेळ लावत नसेल. वारा जरा फिरला की पंप खाली. लोक वैतागत, मीही वैतागे. उन्हं डोक्यावर आली आणि हा माणूस बांधावर बसून तूस उडवतोय!

त्या वर्षी भातानंतर मी वीस गुंठे भेंडी लावली होती. माझा अख्खा उन्हाळा त्या वीस ओळींत होता. त्यावर लाल कोळी नावाचा बारीक किडा पडला. पानाला कान लावला तर त्यांचं चावणं ऐकू यावं, एवढा. ओळखीच्या एकाने गोदामाच्या तळातून एक जुना डबा काढून दिला. “कोळी जागेवर खलास,” म्हणाला. मी तो नानांकडे नेला. त्यांनी चष्मा लावला, डब्यावरचा जहाल विषाचा लाल त्रिकोण पाहिला आणि डबा हातभर लांब धरला.

“ह्ये मी मारनार नाय, बाळू. आन तूही मारू नको. फवारनीच्या शिबिरात सायबानं सांगितलंय, याच्यात कथिल हाय. डोळ्यात गेलं तर डोळा जातो, अंगात गेलं तर मेंदूवर चढतं, आन याला उतारा नाय. ओढ्यात गेलं तर मासा ऱ्हानार नाय.”

मला हसूच फुटलं. “कथिल? अहो नाना, पातेल्यांना कल्हई कशाची करतात? जन्मभर कथिलातली आमटी ओरपली आपण!”

“त्ये कथिल निराळं. ह्याला कारखान्यात दुसऱ्या कशाशी जोडलंय. जोडलं की स्वभाव बदलतो. लगीन झाल्यावर तुझा नाय बदलला?”

मी कल्हईवर भरवसा ठेवला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पिंपात औषध ओतलं आणि कोपरापर्यंत उघडा हात घालून ढवळलं. तीन ओळी झाल्या आणि माळशेजकडून वारा उलटा आला. डाव्या डोळ्यात कोणीतरी चूल पेटवली. मी जी बोंब मारली, ती घाट चढून जुन्नरात उतरली असणार.

शेजारच्या शेतात नाना भाकरी खात होते. हातातला घास टाकून ते धावत आले. भेंडी तोडायला आलेल्या बायांसमोर त्यांनी माझा सदरा ओरबाडून काढला आणि मला पाण्याच्या इंजिनाच्या पायपाखाली आडवं केलं.

“डोळा उघड.”

“नाय उघडत, नाना!”

“मंग मी उघडतो.”

पाणी पडत राहिलं. मी “पुरे” म्हणालो.

“तुला पुरं. त्याला नाय,” नाना म्हणाले, आणि घड्याळात बघून मला आणखी पायपाखाली धरलं.

मग तो डबा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माझ्या भावाच्या हाती दिला. “डॉक्टरला ह्याचं तोंड आधी दाखव, पिशवीतलं. मंग बाळूचं.” मुरबाडला डॉक्टरांनी डबा वाचला आणि मला दोन दिवस ठेवून घेतलं, कारण हे विष डोक्यात उशिरानेही चढतं म्हणे. डोळा वाचला.

पट्टी बांधून परत आलो, तर भेंडी वीतवीत वाढून जून झालेली आणि नाना बांधावर बसलेले. दोन दिवस त्यांनी एकाही बाईला तोडणीसाठी आत पाऊल टाकू दिलं नव्हतं.

भाऊ कातावला होता. “नाना, तीनच ओळींवर मारलंय. सतरा चांगल्या हायत!”

“वारा ओळी मोजत नाय.”

मी एका डोळ्याने जेवढं पेटता येतं तेवढा पेटलो. “माझा उन्हाळा बुडवलात तुमी!”

नानांनी आवाजही चढवला नाही. “तुझा डोळा धुतला, बाळू. कल्यानच्या बाजारातून जो ही भेंडी नेऊन खाईल, त्याचं पोट कुठल्या पायपाखाली धरू?”

त्यांनी हातमोज्यांचा एक जोड माझ्यापुढे टाकला, दुसरा स्वतः चढवला. वीसही ओळी आम्ही उपटल्या, ओढ्यापासून लांब खोल खड्ड्यात पुरल्या. माती ओढून झाल्यावर नाना खाली बसले, पहिल्यांदाच म्हाताऱ्यासारखे.

“दमलो रे. औषधानं नाय. सांगून सांगून.”

त्यानंतर त्यांनी पंप उचलला नाही. आसनगावला लेकीकडे राहायला गेले आणि गेल्या वर्षी तिथेच वारले. माझा डावा डोळा अजून उन्हात गळतो. त्यांची लेक भेटली की मला तो पुसताना बघून विचारते, “काका, नानांची आठवन झाली का?” मी हो म्हणतो. हे मात्र जराही वाढवून सांगत नाही.