लाल कानांचा डाव

माझ्या सासूबाई तीन पत्तीत कुणाला ऐकत नसत. दिवाळीच्या पाडव्याला जेवणं उरकली की आमच्या सोप्यात चिंचोके वाटून डाव मांडला जायचा. मागच्या गोठ्यातली म्हैस धारेसाठी रेकली की खेळ बंद, आणि तेव्हा ज्याची रास मोठी तो जिंकला.

त्या वर्षी मला हातकणंगल्याच्या शाळेत बाईंची नोकरी चालून आली होती. पण कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत सुनेनं रोज एसटीनं नोकरीला जायचं म्हणजे काय! घरात नन्नाचा पाढा सुरू. मीही हट्टाला पेटले. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "आज मला हरीव, मग जा खुशाल."

त्यांचं काय जातंय म्हणायला! चांगली पानं आली की माझे कान लालबुंद होतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक. मेले कान!

दुपारभर मी मुकाट खेळले. पानं वाईट आली की पॅक. दीर चिडवायचे, "वहिनी, शाळा लांबच राहिली की!" असा संताप यायचा! भडंग आणायला आत गेले, तर खिडकीतून म्हैस दाव्याला हिसके देताना दिसली. म्हणजे एखादाच डाव उरला होता. परडीतली लवंगी मिरची उचलली, बियांसकट चावून गिळली आणि येऊन बसले.

पानं उचलली. दुर्री, पंजा, सत्ता. दरिद्री नुसती! पण कान असे पेटले होते की सांगता सोय नाही. मी मूठभर चिंचोके पुढं सारले. दिरांनी माझ्याकडं बघितलं आणि पानं टाकली. ह्यांनीही टाकली. सासूबाईंनी चाल केली, मी दुप्पट केली. डोळ्यांत पाणी येऊ बघत होतं, ते कसंबसं थोपवलं.

"शो मागू व्हय?" सासूबाई पुटपुटल्या. माझे कान पुन्हा निरखले. "नगं बाई. पुढच्या डावात बघती तुला," म्हणत त्यांनीही पानं टाकली.

मधला ढीग मी ओढून घेतला आणि माझी रास त्यांच्याहून मोठी झाली. सासूबाई पत्ते पिसायला घेतात न घेतात, तोच म्हैस रेकली. जिंकले! अंगात नुसतं वारं शिरलं माझ्या.

सासूबाईंनी माझी पानं उलटून बघितली. "अगं सटवे!"

हे घाईनं म्हणाले, "आई, खेळातलं काय मनावर घेतीस?"

"गप रे! शब्द दिलाय मी," सासूबाई कडाडल्या. "हातात काय नसताना मला उठवली हिनं. असली बाई चुलीपुढं बसवून काय करू?"

सुट्टी संपली तशी मी हातकणंगल्याच्या गाडीत बसले. डबा सासूबाईंनी भरला होता.